सातव्या खांबाचा कान

१

असं समजा, की तुम्ही एका मोठ्या, अर्धवट बांधलेल्या हॉलमध्ये उभे आहात. डोक्यावर पत्रे, पायाखाली लाल माती आणि दोन रांगांत आठ खांब. चार या हाताला, चार त्या हाताला. एका खांबावर तळवा टेकवून बघा. बाहेर ऊन असलं तरी तो गार लागेल. हे खांब आपल्याकडचे नव्हेत. दीडशे वर्षांपूर्वी ते विलायतेत साच्यात ओतले गेले, जहाजातून मुंबईला आले आणि एका कापडगिरणीत उभे राहिले. पुढं गिरणी पाडली, खांब भंगारात निघाले आणि दोन ट्रकांतून डिचोलीजवळच्या पाळी गावात येऊन पोचले. प्रत्येक खांबाला डोक्याच्या थोडं खाली दोन पसरट लोखंडी फळ्या बाहेर आलेल्या आहेत. गावातली मुलं त्यांना खांबाचे कान म्हणतात.

आता मोजत पुढं चला. एक, दोन, तीन. असे सहा झाले, की थांबा. सातव्याच्या जागी कमरेएवढा बुंधा उरलाय. बाकीचा खांब मातीत आडवा आहे. त्याच्या कानावर टेकवलेली जाड गर्डर खाली आलीय, तिच्यावर रचलेली लाद्यांची खोकी फुटून विखुरलीत. आणि त्या सगळ्याच्या मध्ये एक चप्पल पडलीय. एकच.

ती चप्पल कोमलनं ओळखली. शंभूआजोची, हॉलच्या म्हाताऱ्या राखणदाराची.

अकरा वर्षांची कोमल हॉलच्या दारात उभी होती आणि तिच्यापुढं मोठ्या माणसांच्या पाठी होत्या. रविवार होता, सकाळचे साडेसात. शंभूआजोला घेऊन रुग्णवाहिका म्हापशाच्या वाटेला लागली होती. तो बोलत नव्हता, डोळेही उघडत नव्हता, असं कुणीतरी हळू आवाजात सांगत होतं.

"हे बघा," इंजिनीअर गौरेश म्हणाला. पडलेल्या खांबाजवळ तो वाकला आणि तुटलेल्या कडेपासून वितीभर अंतरावर बोट ठेवलं. तिथं प्लगची पेटी बसवायची पट्टी वेल्डिंगनं चिकटवलेली होती. "ओतीव लोखंडाला असा गार असताना रॉड लावायचा नसतो. रात्रीतून चीर जाते. काल संध्याकाळी सगळ्यात शेवटी कोण होतं इथं?"

सगळ्या पाठी वळल्या. कोमलला वाटलं, सगळे आपल्याकडेच बघताहेत. पण ते तिच्या मागं बघत होते. तिथं तिचे बाबा उभे होते. शंकर वेल्डर.

"म्या न्हाई लावला रॉड," शंकर म्हणाला. "बिडाला मी रॉड लावत न्हाई. लावलाच न्हाई कधी."

"मग कुणी? इथं दुसरा वेल्डर आहे का?" हॉलचे मालक दत्तप्रसाद शेट काळ्या चष्म्याआडून म्हणाले.

रघुनाथ हवालदारानं शंकरच्या खांद्यावर हात ठेवला. जोरानं नाही, पण काढलाही नाही. "फौजदारमॅडम पाच वाजता येतात. तोपर्यंत तू हांगाच बस, खंय वचू नाका. म्हातारो वाचलो तर बरें. ना जाल्यार..."

त्यानं वाक्य पुरं केलं नाही. कोमलनं ते मनात पुरं केलं आणि ती पळत सुटली.

२

गावात एखादी गोष्ट कळेनाशी झाली, की माणसं विनोदिनी टीचरकडे जात. टीचरनी तीस वर्षं विज्ञान शिकवलं होतं आणि रिटायर होऊन बारा वर्षं झाली तरी शिकवणं काही सोडलं नव्हतं. विद्यार्थी समोर नसेल तर त्या मांजराला समजावत.

कोमल धापा टाकत आली तेव्हा त्या ओसरीवर पाववाल्या पोदेराकडून घेतलेला उंडो पाव चहात बुडवून खात होत्या.

"टीचर, बाबांना नेणार. बाबांनी नाही केलं."

"कशावरून नाही केलं?"

"ते म्हणाले म्हणून."

"ते तुला पुरेल. फौजदारीणबाईला पुरायचं नाही. ती माझीच विद्यार्थिनी, पुरावा मागायला मीच शिकवलंय तिला." टीचरनी बशी तिच्यापुढं सरकवली. "खा. आणि खाताना सांग, तुझे बाबा बिडाला रॉड का लावत नाहीत?"

कोमलला हे ठाऊक होतं. कोल्हापूरला असताना शंकर ओतकामाच्या कारखान्यात होता. बीड म्हणजे ओतीव लोखंड. आईचा बिडाचा तवा एकदा हातातून निसटला आणि फरशीवर पडून त्याचे दोन तुकडे झाले. कोमलनं बाबांना म्हटलं, चिकटवा की. तेव्हा बाबा हसले होते. बीड तापवायचं तर सगळं एकसारखं तापवावं लागतं, नाहीतर जोडाच्या शेजारीच नवी चीर जाते, मग तासाभरानं आपोआप टिणकन आवाज येतो, असं त्यांनी सांगितलं होतं.

"म्हणजे जे गौरेश सांगतो ते खरंच आहे," टीचर म्हणाल्या. "आणि ते तुझ्या बाबांना गौरेशच्या आधीपासून माहीत आहे. मग ज्याला माहीत आहे तो करील कसा? बाकीच्या खांबांवर प्लगच्या पेट्या कशा बसवल्यात?"

कोमलनं डोळे मिटून आठवलं. "खांबाभोवती लोखंडी पट्टा. त्याला नटबोल्ट."

"सगळीकडे?"

"सगळीकडे."

"एकच तेवढी वेगळी." टीचरनी चहा संपवला. मग उठून त्या आत गेल्या आणि दोन खडू घेऊन आल्या. एक त्यांनी जमिनीवर उभा केला, वर जाड शब्दकोश ठेवला आणि त्यावर आपला तळवा दाबला. खडूला काही झालं नाही. दुसरा कोमलच्या हातात दिला. "दोन्ही टोकं धर. वाकव."

खडू कट्कन मोडला.

"बीड असंच असतं. डोक्यावर कितीही ओझं द्या, सरळ खाली जाऊ दे, ते उभं राहील. पण कडेला ओझं देऊन वाकवायला गेलात, की संपलं. आता मला सांग, ती गर्डर खांबाच्या डोक्यावर होती का?"

कोमलच्या हातातला खडूचा तुकडा खाली पडला. "नाही टीचर. कानावर होती."

३

हॉलकडं जाताना वाटेत कोमल बोलतच होती, कारण तिला आता एकेक आठवायला लागलं होतं.

खांब आले त्या आठवड्यात गौरेशदादानं तिला पहिल्या खांबाजवळ उभं करून गिरणीची गोष्ट सांगितली होती. त्याला सांगायला आवडायचं, आणि तो मुलांना कधी पिटाळून लावत नसे. गिरणीच्या एका टोकाला वाफेचं इंजिन, तिथून छताखालून या टोकापर्यंत एक लांब फिरता दांडा. प्रत्येक खांबाच्या कानावर त्या दांड्याला टेकू. दांड्यावरून चामड्याचे पट्टे खाली यंत्रांकडं उतरायचे. एक इंजिन फिरलं, की शेकडो यंत्रं एकदम फिरायची, आणि इतका आवाज व्हायचा, की माणसं एकमेकांच्या ओठांकडं बघून बोलणं समजून घ्यायची. उजाडलं की काम सुरू, दिसेनासं झालं की बंद. कोमलएवढी, तिच्याहून लहान मुलंही तुटलेले धागे जोडायला यंत्रांखाली शिरायची.

शंभूआजोचा पणजोबा पेडण्याहून चालत आणि गलबतानं मुंबईला जाऊन तशाच गिरणीत लागला होता. म्हणून आजोचा त्या खांबांवर जीव होता. रोज उजाडताना तो आठही खांबांना उदबत्ती ओवाळी. आणि त्याच्या घरात पणजोबाकडून आलेला एक नियम होता: खांबाच्या कानाला फिरत्या दांड्याखेरीज काही टेकवायचं नाही. कुणी सुताचं बोचकंही कानाला अडकवलं, तर मुकादम त्याची त्या दिवसाची हजेरी कापायचा.

"आजो हे सगळ्यांना सांगायचा," कोमल म्हणाली. "माळा बांधायला घेतला तेव्हा बाबा पण हॉलच्या मुकादमांना, प्रमोदकाकांना म्हणाले होते, या कानावर गर्डर नको. काका म्हणाले, नकाशात तसंच आहे, तू आपला रॉड संभाळ."

"आणि नकाशा कुणाचा?"

"गौरेशदादाचा. पण माळा हवा म्हणून शेटच हट्ट धरून बसले होते. बँडवाल्यांना वर बसवायला."

हॉलच्या दारात रघुनाथ हवालदार आडवा झाला. "टीचर, आत वचूंक ना."

"रघुनाथ, सातवीत घनफळाचं सूत्र तुला कुणी तीनदा समजावलं?"

"तुम्ही."

"कळलं होतं?"

रघुनाथ बाजूला झाला.

"आत माळ्याखाली पाऊल टाकायचं नाही," टीचरनी कोमलला दंडाला धरून सांगितलं. "बाकीच्या सात खांबांच्या कानांवरही गर्डर आहेच."

पडलेला खांब माळ्याच्या बाहेर आला होता. टीचर त्याच्याशेजारी उकिडव्या बसल्या. त्यांच्या गुडघ्यांनी कुरकुर केली. "मी काही सांगत नाही. तू बघ. खांबावर काय काय वाहिलंय?"

कोमलनं बघितलं. खांब उभे केल्यावर त्यांना हिरवा रंग दिला होता. रंगाचे जाड ओघळ वाळून राहिले होते, सगळे खांबाच्या लांबीला धरून, पायाकडं गेलेले. रंग ओला असताना खांब उभा होता, म्हणून तो खाली ओघळला. मग तिनं वेल्डिंग बघितलं. ते ओबडधोबड होतं, बाबांचं तर नव्हतंच. बाबांचं वेल्डिंग माशाच्या खवल्यांसारखं सारखं पडायचं. इथं वितळलेल्या लोखंडाचे गोळे झाले होते आणि त्यांनाही ओघळ होते.

ती वाकली. पुन्हा रंगाच्या ओघळांकडं बघितलं. पुन्हा लोखंडाच्या.

"हे पायाकडं गेले नाहीत. हे आडवे गेलेत."

"थेंब आडवा का जाईल गो?"

कोमलनं मान आडवी करून बघितलं. मग तिचा आवाज अगदी लहान झाला.

"थेंब आडवा नाही गेला, टीचर. थेंब खालीच गेला. खांब आडवा होता."

"ट्रकमधून उतरवला तेव्हाही तो आडवाच होता."

"तेव्हा रंग नव्हता. इथं तर रंग जळलाय, वेल्डिंगच्या खाली." तिनं बोट लावलं आणि झटकन मागं घेतलं. लोखंड केव्हाच निवलं होतं, तरीही. "खांब पडला. मग कुणीतरी इथं बसून वेल्डिंग केलं. शंभूआजो तिथं..."

तिनं पुढं बघितलं. ती एकटी चप्पल वेल्डिंगपासून चार पावलांवर होती.

४

रस्त्यापलीकडं शांतामावशीचा चहाचा गाडा होता. टीचरनी तिला एवढंच विचारलं, सकाळी काय ऐकलंस? आणि ऐकलं त्याच क्रमानं सांग.

"पोदेराचो भोंपू," शांता म्हणाली. "सव्वासहा. मी पाव घेतले. तितक्यात धडाम करून आवाज. मला वाटलं, ट्रकातसून सळ्यो उतरयतात. मग जनरेटर घुरघुरूंक लागलो. म्हटलं, आज आयतार, काम बंद, तरी शेटीक घाई जाली काय? धा-पंधरा मिनटां चाललो. मग बंद. मग मातशा वेळान आरडाओरड, धावा धावा."

"हे हवालदाराला सांगितलंस?"

"त्यान विचारलां खंय? त्यान चा मागलो."

हॉलला अजून वीज आली नव्हती. वेल्डिंग मशीन चालायचं ते जनरेटरवर, आणि दोन्ही वस्तू पत्र्याच्या खोलीत कुलपात असत. किल्ल्या तिघांकडं होत्या. दत्तप्रसाद शेट, गौरेश आणि मुकादम प्रमोद. तिघांनाही रॉड धरता येत होता. शेटचा उमेदीचा काळ ट्रकच्या गॅरेजात गेला होता. प्रमोद मुकादम होण्याआधी वेल्डर होता. आणि गौरेशला गेल्या महिन्यात शंकरनंच हौसेखातर शिकवलं होतं.

"आणि वेल्डिंगचा मास्क?" टीचरनी विचारलं.

"मास्क आमच्या घरी आहे," कोमल म्हणाली. "त्याची काच तडकली होती. बाबांनी काल घरी आणून नवी बसवली. रात्री मी घालून बघितला तर आई ओरडली."

"दुसरा?"

"नाही. एकच आहे."

टीचरचा चालायचा वेग कमी झाला. "आता आपण घाई करायची नाही," त्या म्हणाल्या. "आज दुपार होऊ दे."

कोमलला ते मुळीच पटलं नाही. बाबा अंगणातल्या पाण्याच्या पिंपाशेजारी हात गुडघ्यांत धरून बसले होते. आई विमल डबा घेऊन आली तर त्यांनी तो उघडलाही नाही. बारा वाजता म्हापशाहून फोन आला. शंभूआजो शुद्धीवर नाही. पाय कापावा लागला. डॉक्टर म्हणाले, वीस-पंचवीस मिनिटं आधी आणला असता तर पाय कदाचित वाचला असता.

दोननंतर टीचर उठल्या. आधी शेट. ते गाडीच्या मागच्या सीटवर बसून होते. काळा चष्मा तसाच.

"दत्तप्रसाद, चष्मा काढ बघू."

"मोतीबिंदू काढलाय, टीचर. गेल्या आठवड्यात, म्हापशाला. डॉक्टरान उन्हात चष्मा काढूंक नको म्हटलां. गाडी पण चालवूंक देत नाय. सकाळी गौरेशचो फोन आयलो तेव्हां शेजाऱ्यान गाडी चालवून माका हाडलां." तरी त्यांनी चष्मा उचलला. एका डोळ्याला जरा सूज होती, बाकी नजर स्वच्छ. "माझ्या हॉलाचां नाव खराब जालां. लग्नां ठरल्यात तीन."

"शंभूचं नाव एकदाही घेतलं नाहीस," टीचर म्हणाल्या, आणि शेटनी चष्मा खाली केला.

मग प्रमोद. तो सिमेंटच्या गोणी मोजत होता. कुणी सांगितलं नव्हतं तरी मोजत होता. तो आणि शंकर एकाच गावचे. पाच वर्षांपूर्वी प्रमोदनंच शंकरला इथं आणलं होतं.

"काका, तुम्हाला तरी माहीत आहे ना, बाबा बिडाला रॉड लावत नाहीत?"

"मला काय इचारू नगंस, पोरी." प्रमोदनं तिच्याकडं बघितलं नाही. त्याचे डोळे पांढरेशुभ्र होते. "मी कामावर नव्हतो सकाळी. मला आठला फोन आला."

शेवटी ऑफिसची खोली. गौरेश आत एकटाच होता. खिडकीला त्यानं पोतं अडकवलं होतं. अंधारात बसून ओला रुमाल डोळ्यांवर धरला होता आणि गालांवरून पाणी वाहत होतं. कोमलच्या मनात आलं, एवढ्या लोकांत शंभूआजोसाठी रडणारा हा एकच.

"लहानपणी मला खांद्यावर घेऊन फिरायचा तो," गौरेश म्हणाला. "पेडण्याला, आमच्या वाड्यावर. टीचर, मला आता काही विचारू नका."

टीचरनी विचारलं नाही. त्या बाहेर आल्या आणि थेट शांताच्या गाड्याकडं गेल्या.

"शांता, आज तुझ्याकडून कच्चा बटाटा कुणी नेला?"

शांता चकित झाली. "तुमका कोणी सांगलां? प्रमोद मुकादमान. एक वाजता. भाजीक नको म्हणालो, फोडी कर पातळ आणि दे. पैसे देऊंक लागलो, मी नाय घेतले."

कोमल जागच्या जागी थांबली. बटाटा कशाला लागतो, हे वेल्डरच्या मुलीला सांगावं लागत नाही.

५

पाच वाजता फौजदार पल्लवी आली. टीचरनी सगळ्यांना हॉलबाहेर, अंगणात बोलावलं. ऊन उतरलं होतं आणि तिरपं होऊन बरोबर डोळ्यांत येत होतं. शेट आले, प्रमोद आला, शंकर, विमल, शांता, दहा-पंधरा गावकरी. गौरेश ऑफिसातून निघाला, पण अंगणात आला नाही. तो हॉलच्या दारातून आत गेला आणि माळ्याच्या सावलीत, गोणींवर बसला.

"इकडे ये, गौरेश," पल्लवीनं हाक मारली. "सगळे बाहेर आहेत."

"मी इथून ऐकतो."

"आत बसू नकोस. तो माळा धोक्याचा आहे," टीचर म्हणाल्या. गौरेश हलला नाही.

टीचरनी आधी खडूचं सांगितलं. मग ओघळांचं त्यांनी कोमलला सांगायला लावलं. कोमल अडखळली, मग तिनं पल्लवीला आत माळ्याबाहेरच्या खांबापाशी नेलं आणि बोटानं रंगाचा ओघळ दाखवला, मग लोखंडाचा. पल्लवी वाकून खूप वेळ बघत राहिली. बाहेर येऊन तिनं शांताला विचारलं, धडाम आधी की जनरेटर? शांतानं सांगितलं.

"म्हणजे खांब वेल्डिंगनं पडला नाही. शंकर सुटला," पल्लवी म्हणाली. "पण मग कोण?"

"ज्यानं केलं त्याच्याकडे मास्क नव्हता," टीचर म्हणाल्या. "वेल्डिंगची चमक उघड्या डोळ्यांनी बघितली, तर त्या वेळी काही होत नाही. सहा-आठ तासांनी डोळ्यांत वाळू घातल्यासारखं होतं. पाणी गळतं, उजेड सहन होत नाही. म्हणून मी दुपारपर्यंत थांबले. यावर वेल्डर लोक काय करतात ते शंकर सांगेल."

"बटाट्याच्या फोडी ठेवतात," शंकर म्हणाला. मग तो सावकाश प्रमोदकडं वळला. "एकच्या सुमाराला तू फोडी घेऊन चाललेला. मी बघितलं. मला वाटलं, जेवायला असतील."

सगळ्यांच्या नजरा प्रमोदवर गेल्या. तो उन्हाकडं तोंड करून उभा होता आणि त्याच्या पापण्याही लवत नव्हत्या.

"प्रमोदकाकांचे डोळे चांगले आहेत," कोमल म्हणाली. "त्यांनी फोडी स्वतःसाठी नेल्या नाहीत."

 शेटचा हात चष्म्याकडं गेला आणि तिथंच थांबला. प्रमोदनं मान खाली घातली.

"गौरेशसाहेब म्हनले, झोप झाली न्हाई, डोळं चुरचुरत्यात," तो म्हणाला. "मी रुमाल बाजूला करून बघितलं आणि वळखलं. अशी चमक मला दहादा लागलीया. फोडी आणून दिल्या. बोललो काय न्हाई. शंकर, माझी दोन पोरं शिकत्यात रं. हे काम गेलं असतं..."

"माझी एक शिकतीया," शंकर म्हणाला. एवढंच.

आतून, सावलीतून, गौरेशचा आवाज आला. कुणी विचारायच्या आधीच तो बोलायला लागला होता, डोळे मिटून, जणू समोर कुणीच नव्हतं.

"शंभूनं काल रात्री फोन केला. सातव्याला कानाच्या बाजूला, कमरेएवढ्या उंचीवर बारीक चीर दिसतेय म्हणाला. लाद्यांची खोकी वर चढवल्यावर आली. मी पहाटेच मोटारसायकलनं आलो. मी म्हटलं, आजो, बॅटरी धर, मी बघतो. तो खाली गेला आणि... गर्डर मला हलेना. मी खूप ओढली. मग मला नकाशा दिसायला लागला. माझी सही दिसायला लागली. मला वाटलं, दहाच मिनिटं. दहा मिनिटांनी काय होतंय? तो कण्हत होता. पट्टी चिकटवली, आणि मग फोन केला."

"तो कण्हत होता," टीचर म्हणाल्या, "आणि तू वेल्डिंग करत होतास."

"हो."

"आणि सकाळी माझ्याकडं बोट दाखवलंस," शंकर म्हणाला. "रॉड धरायला शिकवला मी तुला."

 दत्तप्रसाद शेट गाडीकडं चालू लागले, तेव्हा पल्लवीनं त्यांना नावानं हाक मारून थांबवलं. माळ्यासाठी हट्ट कुणाचा होता, तेही तिला लिहून घ्यायचं होतं. मग ती शंकरला म्हणाली, "तू जा घरी." विमलनं पदर तोंडावर घेतला. कोमलनं बाबांचा हात धरला. तो थंड होता.

आणि तेव्हा आत टिणकन आवाज झाला.

मोठा नव्हता. पेल्यावर चमचा लागावा एवढाच. पण शंकर आणि प्रमोद एकाच क्षणी वळले, कारण बिडाचा तो आवाज त्या दोघांनाच ठाऊक होता. आठव्या खांबाच्या कानाजवळून हिरव्या रंगाचा पोपडा सुटला आणि माळ्याच्या फळ्यांतून बारीक धूळ खाली पडू लागली. गौरेशच्या केसांवर, खांद्यांवर.

"ऊठ!" पल्लवी ओरडली. "गौरेश, बाहेर ये!"

गौरेश उठला. दोन पावलं टाकून उजेडाकडं तोंड केलं आणि दोन्ही हातांनी डोळे दाबून तसाच थांबला. दार कुठं आहे, ते त्याला दिसत नव्हतं. पुन्हा एक आवाज झाला, आधीपेक्षा जवळ. अंगणातली माणसं मागं सरली. शेट मागं सरले, प्रमोद मागं सरला, हवालदाराचा पाय उंबऱ्याजवळच अडखळला.

बाबांच्या हातातला आपला हात सुटला, हे कोमलला नंतर कळलं. "कोमल!" अशी बाबांची हाक मागून आली तेव्हा ती उंबरा ओलांडून आत गेली होती. ती लाद्यांचे तुकडे चुकवत, विखुरलेल्या खोक्यांना वळसा घालून त्याच्यापर्यंत पोचली. वर बघितलं नाही. तिनं त्याचा एक हात डोळ्यांवरून ओढून काढला आणि घट्ट धरला.

"माझ्यामागनं चला," ती म्हणाली. "डोळे उघडू नका. पुढं लाद्या आहेत, पाय उचलून टाका." तसाच पाय उचलत तो तिच्यामागनं उंबऱ्याबाहेर आला, तेव्हा बाबांनी तिला उचलून घेतलं.